रुमाल टाकायचा कुठे?

एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची, ही आपली पिढीजात विद्या. लिनक्समधले डेमन, म्हणजे पडद्यामागे गुमान राबणारे प्रोग्रॅम, नेमकं हेच करतात. काम सुरू करण्याआधी ठरलेल्या जागी एक इवलीशी फाइल टाकायची: जागा घेतली आहे, दुसऱ्याने बसू नये. हीच लॉक फाइल. ती नसेल आणि एकाच डेटाबेसवर दोन सर्व्हर बसले, तर डेटाची वाट लागलीच म्हणून समजा.

डेमन रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वाधिकारी खात्याच्या, नावाने चालत असेल तर त्याला कोण अडवणार? वाटेल तिथे फाइल ठेवेल. पण शहाणे लोक हल्ली डेमनला रूटचे अधिकार देत नाहीत; उद्या त्यात कोणी घुसलं तर अख्खी मशीन हातची जायला नको. मग या बिनअधिकाराच्या डेमनने फाइल ठेवायची कुठे? प्रश्न दिसतो चिल्लर. पण त्यापायी भल्याभल्यांचे सर्व्हर उठायचे राहिले आहेत, आणि एकदा तर त्यातून थेट रूटपर्यंत जाणारा चोरदरवाजा निघाला. त्या किश्श्याकडे येऊच.

सहा स्पेस, चार आकडे

लॉक फाइलचं मूळ मोडेममध्ये आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी यूयूसीपी लिहिलं. टेलिफोन लाइनवरून एका युनिक्स मशीनने दुसरीला फायली पाठवायच्या, ही त्याची करामत. मोडेम एक आणि ते वापरू पाहणारे प्रोग्रॅम चार, म्हणून ‘एलसीके’ने सुरू होणाऱ्या नावाच्या फायली टाकायची पद्धत पडली. १९८३मध्ये पीटर हनीमन, डेव्हिड नोविट्झ आणि ब्रायन रेडमन या तिघांनी यूयूसीपी नव्याने लिहिलं. आवृत्तीचं नाव ‘हनीडॅनबर’: तिघांची लॉगिन नावं एकापुढे एक जोडली, झालं. मोठमोठ्या कंपन्या ब्रँडच्या नावासाठी सल्लागार नेमतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

या आवृत्तीने घालून दिलेला नियम असा: लॉक फाइलमध्ये आपल्या प्रोसेसचा नंबर दहा अक्षरांच्या रुंदीत लिहायचा, शेवटी नवी ओळ. नंबर १२३० असेल तर आधी सहा स्पेस, मग चार आकडे, मग नवी ओळ. एकूण अकरा अक्षरं. कोणती डिरेक्टरी कशासाठी हे ठरवणाऱ्या लिनक्सच्या प्रमाणपत्रकात, म्हणजे एफएचएसमध्ये, हा नियम आजही जसाच्या तसा आहे, हेच १२३०चं उदाहरण देऊन. लिनक्सचा एक्स सर्व्हर, म्हणजे पडद्यावर खिडक्या काढणारा जुना खटारा, आपली लॉक फाइल अजून अशीच अकरा अक्षरांची लिहितो. मोडेम भंगारात गेले, त्यांच्या स्पेस राहिल्या.

गंमत म्हणजे त्याच प्रमाणपत्रकात पीआयडी फाइलचा, म्हणजे डेमन आपला प्रोसेस नंबर नोंदवून ठेवतो त्या फाइलचा, नियम वेगळा. तिथे स्पेस भरायची गरज नाही. ठरल्या वेळी कामं करणाऱ्या क्रॉन या डेमनचा नंबर २५ असेल तर फाइलमध्ये दोन, पाच आणि नवी ओळ; तीन अक्षरांत काम खल्लास. नंबर तोच, लिहायच्या तऱ्हा दोन.

पत्ता बदलला, पाटी ठेवली

लिनक्सच्या डिरेक्टऱ्यांचं पहिलं प्रमाणपत्रक १४ फेब्रुवारी १९९४ला आलं. व्हॅलेंटाइन डेला डिरेक्टऱ्यांची यादी जाहीर करणारी मंडळी कशी असतील, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा. पुढे वर्षानुवर्षं लॉक फायलींचा पत्ता ‘/व्हार/लॉक’ आणि पीआयडी फायलींचा ‘/व्हार/रन’ असा राहिला.

अडचण एकच होती. मशीन सुरू होताना ‘/व्हार’ कधी कधी फार उशिरा जोडली जाते, आणि काही डेमनना त्याच्याही आधी जागा लागते. ते बिचारे ‘/डेव्ह’मध्ये ठिपक्याने सुरू होणाऱ्या नावाच्या डिरेक्टऱ्या करून लपून राहायचे. ‘/डेव्ह’ ही खरं तर हार्डवेअरची जागा, पण रूटचा माणूस आहे म्हटल्यावर कोण बोलणार! २०११च्या मार्चमध्ये प्रोग्रॅमर लेनार्ट पोएटरिंग यांनी फेडोरा या लिनक्ससाठी ‘/रन’ ही नवी डिरेक्टरी जाहीर केली, बाकीच्या लिनक्सवाल्यांनीही ती उचलली, आणि प्रमाणपत्रकात तिची नोंद झाली २०१५च्या तिसऱ्या आवृत्तीत. आज ‘/व्हार/रन’ ही नुसती पाटी आहे. उघडलीत की ‘/रन’मध्ये पोचता.

‘/रन’ डिस्कवर नसते, रॅममध्ये असते. मशीन बंद, की आतलं सगळं गायब. यामुळे मागच्या खेपेच्या मेलेल्या लॉक फायली आपोआप साफ होतात, ही चांगली गोष्ट. पण याच चांगल्या गोष्टीने किती रात्री खाल्ल्या आहेत! मायएसक्यूएल उठत नाही म्हणून कोणीतरी रूटने ‘/व्हार/रन’मध्ये त्याची डिरेक्टरी हाताने बनवतो, मालकी त्याच्या नावे करतो, सर्व्हर उठतो, सगळे खूश. मग चार महिन्यांनी वीज जाते किंवा कर्नल अपडेट होतो, मशीन पुन्हा सुरू होते, डिरेक्टरी नाही, सर्व्हर नाही. ज्याने ती बनवली तो एव्हाना नोकरी सोडून गेलेला असतो.

‘/रन/लॉक’ तरी सगळ्यांना खुली आहे का? कोणत्या लिनक्सवर आहात त्यावर अवलंबून. डेबियनने ती बराच काळ सर्वांसाठी खुली ठेवली, वर ५ एमबीची मर्यादा घातली. ४ केबीचं एक पान धरलं तर साधारण बाराशे-तेराशे फायली बसतील. नुसत्या लॉकसाठी भरपूर, पण कोणी मुद्दाम भरायचीच ठरवली तर एक छोटी स्क्रिप्ट पुरे. फेडोरात तिथे फक्त रूटला लिहिता येतं. मोडेमसारख्या उपकरणांच्या लॉकसाठी आत वेगळी डिरेक्टरी आणि ‘लॉक’ नावाचा वेगळा ग्रुप. म्हणून डेबियनवर गुण्यागोविंदाने चालणारा प्रोग्रॅम फेडोरावर ‘परमिशन डिनाइड’ म्हणून तोंड फिरवतो, आणि प्रोग्रॅमर शपथेवर सांगतो की माझ्या मशीनवर चालतंय.

‘/टेम्प’ म्हणजे धर्मशाळा नव्हे

अधिकार नाहीत म्हटल्यावर नवशिक्याला पहिली आठवते ती ‘/टेम्प’. सर्वांना लिहिता येतं, विचारायला कोणी नाही. इथेच घोळ आहे. तात्पुरत्या फाइलचं नाव कोणालाही ओळखता येऊ नये असं असावं लागतं. लॉक फाइलचं नाव सगळ्यांना आधीपासून माहीत असावं लागतं. एकाच जागी दोन उलट्या गरजा. तुमच्या डेमनच्या लॉकचं नाव ठाऊक असलेला कोणीही सोम्यागोम्या त्या नावाची फाइल आधीच टाकून ठेवू शकतो, आणि तुमचा डेमन जन्मभर ‘दुसरा कोणीतरी चालू आहे’ म्हणत बसतो.

‘/टेम्प’वर एक खास बिट लावलेला असतो, स्टिकी बिट. दुसऱ्याची फाइल तुम्हाला पुसता येणार नाही, एवढी हमी तो देतो. १९७४मध्ये हा बिट आला तो भलत्याच कामासाठी: वारंवार लागणारा प्रोग्रॅम स्वॅपमध्ये चिकटून राहावा म्हणून. पुढे ते काम संपलं आणि बिटला नवी नोकरी मिळाली. पण तो पुसण्यापासून वाचवतो, आधी येऊन बसणाऱ्यापासून नाही.

त्याहून वाईट म्हणजे सिमलिंक. हल्लेखोर लॉकच्या नावाने एक दुवा ठेवतो, तो जातो तिसऱ्याच महत्त्वाच्या फाइलकडे. डेमन भाबडेपणाने लॉक लिहायला जातो आणि ती फाइल खराब करून येतो. २०१२मध्ये लिनक्स ३.६ पासून कर्नलने अशा परक्या दुव्यांमागे जायला नकार देण्याची सोय दिली, तेव्हा कुठे जरा श्वास मिळाला.

आता तो चोरदरवाजा. उबुंटूमध्ये प्रोग्रॅम कोसळला की अहवाल गोळा करणारा अ‍ॅपोर्ट नावाचा प्रोग्रॅम आहे, आणि तो रूटच्या अधिकाराने धावतो. त्याची लॉक फाइल ‘/व्हार/लॉक’मधल्या ‘अ‍ॅपोर्ट’ डिरेक्टरीत असायची. डिरेक्टरी नसेल तर तो बनवायचा. असेल तर काहीही न तपासता वापरायचा. आणि ती जागा रॅममध्ये, म्हणजे रीबूटनंतर डिरेक्टरी नाहीच. सामान्य वापरकर्त्याने तेवढ्यात त्या नावाची सिमलिंक ठेवली की अ‍ॅपोर्टने त्याला हव्या त्या जागी सर्वांना लिहिता येईल अशी फाइल, रूटच्या मालकीची, बनवून दिलीच. २०२०मध्ये हे भोक उघड झालं आणि बुजवलं गेलं. रूटला इथे डिरेक्टरीबद्दल जराही शंका आली नाही, हा खरा दोष.

बहुतेक लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीची साफसफाई ‘/टेम्प’मधल्या दहा दिवस आणि ‘/व्हार/टेम्प’मधल्या तीस दिवस न वापरलेल्या फायली उचलते, असं त्यातलं मूळ कोष्टक सांगतं. महिनोन्महिने चालणाऱ्या डेमनने एकदाच टाकलेली लॉक फाइल अकराव्या दिवशी कचऱ्यात. आणि सर्व्हिसला ‘प्रायव्हेट टेम्प’ लावलं असेल तर आणखी मजा: प्रत्येक सर्व्हिसला स्वतःची वेगळी ‘/टेम्प’ दिसते. दोन सर्व्हिस, दोन लॉक, दोघांनाही वाटतं आपण एकटेच.

पोस्टग्रेसचं आजोबांना अभय

पोस्टग्रेस हा डेटाबेस तर रूटने चालवायला गेलात की सरळ नकार देतो. तो आपली मुख्य लॉक फाइल डेटाच्याच डिरेक्टरीत ठेवतो. मला ही जागा सर्वांत समंजस वाटते. ज्या वस्तूची राखण करायची तिच्याच शेजारी कुलूप. डेटा हलवला तर कुलूपही सोबत जातं, आणि परवानगीचा प्रश्न येतच नाही, कारण डिरेक्टरी आधीच त्याच्या मालकीची.

पण डेटा डिस्कवर, म्हणजे वीज गेली तरी लॉक फाइल तिथेच. उठल्यावर पोस्टग्रेस जुना नंबर वाचतो आणि त्या नंबरच्या प्रोसेसला शून्य नंबरचा सिग्नल पाठवून बघतो. शून्य सिग्नलने कोणी मरत नाही. फक्त ‘आहेस का?’ एवढं कळतं. आता मशीन दरवेळी साधारण त्याच क्रमाने सुरू होते, त्यामुळे जुन्या फाइलमधला नंबर या खेपेला स्वतःचाच निघू शकतो, किंवा आपल्याला सुरू करणाऱ्या स्क्रिप्टचा. म्हणून पोस्टग्रेसच्या कोडमध्ये सूट आहे: नंबर स्वतःचा, बापाचा किंवा आजोबाचा असेल तर तो प्रतिस्पर्धी धरायचा नाही.

आणखी एक बारकी युक्ती आहे, आणि ती बिनअधिकाराच्या डेमनलाच जमते. शून्य सिग्नलला ‘तुला परवानगी नाही’ असं उत्तर आलं, तर प्रोसेस जिवंत आहे पण दुसऱ्या खात्याची आहे. म्हणजे ती पोस्टग्रेस असूच शकत नाही, लॉक शिळं, खुशाल पुढे जा. रूटला हे उत्तर मिळालंच नसतं. अधिकार नसल्याचा असा फायदा विरळाच!

ज्याच्या हाती नंबर, त्याच्या हाती सुरी

पीआयडी फाइल डेमनच्या मालकीची असेल तर उलटा धोका उभा राहतो. सर्व्हिस बंद करताना रूटची स्क्रिप्ट फाइलमधला नंबर वाचते आणि त्याला ‘किल’ करते. डेमनमध्ये घुसलेल्याने त्या फाइलमध्ये भलताच नंबर लिहून ठेवला तर? रूट निमूटपणे त्याचा मुडदा पाडणार. म्हणून डेबियनचं सर्व्हिस थांबवणारं हत्यार आता बिनअधिकाराच्या खात्याने लिहिलेल्या नुसत्या पीआयडी फाइलवर विसंबायला नकार देतं. सिस्टिमडीही तपासतो: फाइल रूटची नाही आणि नंबर या सर्व्हिसमधल्या प्रोसेसचा नाही, तर ‘रिफ्यूझिंग’ म्हणून मोकळा होतो.

नंबर पुन्हा पुन्हा वापरले जातात, हेही विसरू नका. लिनक्सची जुनी मर्यादा ३२,७६८. ती संपली की पुन्हा खालून सुरुवात. ६४ बिटच्या मशीनवर ती ४१,९४,३०४ पर्यंत नेता येते, आणि २०१९पासून सिस्टिमडी ती तिथवर नेतोही. टक्कर दुर्मीळ झाली, संपली नाही.

कुठेच न जाणारे दुवे

फायरफॉक्स चालू असताना त्याच्या प्रोफाइलच्या डिरेक्टरीत डोकावा. ‘लॉक’ नावाची एक सिमलिंक दिसेल, आणि तिचं टोक कुठल्याच फाइलकडे नाही. तिथे आयपी पत्ता आणि प्रोसेसचा नंबर लिहिलेला असतो. क्रोमचंही तेच, तो मशीनचं नाव आणि नंबर लिहितो. ईमॅक्स तर वापरकर्ता, मशीन, नंबर, सगळा पंचनामा करतो. युक्ती अशी की सिमलिंक एका झटक्यात बनते आणि मजकूरही त्याच झटक्यात आत जातो. रिकामी फाइल आधी आणि नंबर नंतर, ही मधली फट उरत नाही. मशीनचं नाव कशाला? तर घरची डिरेक्टरी नेटवर्कवर असेल तर दोन मशीनवरून एकच प्रोफाइल उघडलं जाऊ शकतं, आणि इथला ४१२ नंबर तिथे कोणाचा असेल कोण जाणे. तोटा असा की मशीनचं नाव बदललं, की क्रोम तक्रार करतो: प्रोफाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडं आहे.

‘अ’, ‘ब’ आणि ‘क’

फाइल असणं म्हणजेच लॉक, ही पद्धत जुनी झाली. चांगला मार्ग म्हणजे फाइल उघडायची आणि कर्नलला सांगून तिच्यावर फ्लॉक लावायचं. १९८३च्या बर्कली युनिक्समध्ये हे आलं. प्रोसेस मेली की कर्नल कुलूप आपोआप सोडतो. फाइल पडून राहिली तरी बिघडत नाही. इथे मात्र स्वच्छतेची आवड नडते.

समजा ‘अ’ने फाइल उघडून फ्लॉक लावलं. ‘ब’ने तीच फाइल उघडली आणि कुलूप सुटायची वाट पाहत बसला. ‘अ’चं काम संपलं, जाता जाता त्याने सभ्यपणे फाइल पुसली आणि बंद केली. ‘ब’ला कुलूप मिळालं, पण कशावर? नाव पुसल्या गेलेल्या, डिरेक्टरीत कुठेच न दिसणाऱ्या फाइलवर. एवढ्यात ‘क’ आला. त्या नावाची फाइल दिसेना, म्हणून त्याने नवी बनवली आणि तिला कुलूप लावलं. आता ‘ब’ आणि ‘क’ दोघंही आत, दोघंही निर्धास्त. उपाय सोपा: फाइल पुसूच नका. पुसायचीच हौस असेल तर कुलूप मिळाल्यावर आपल्या हातातली फाइल आणि त्या नावावरची फाइल एकच आहे का, हे इनोड नंबर, म्हणजे फाइलचा डिस्कवरचा ओळख क्रमांक, जुळवून बघा.

फ्लॉकचा एक भाऊबंद आहे एफसीएनटीएल. त्याची खोड अशी की तुमच्या प्रोसेसमधल्या दुसऱ्याच एखाद्या लायब्ररीने तीच फाइल सहज उघडून बंद केली, तरी तुमचं कुलूप गळून पडतं. २०१४मध्ये लिनक्स ३.१५ने त्यावर नवा प्रकार काढला.

छोट्या स्क्रिप्टसाठी तर जागा शोधायचीच गरज नाही. फ्लॉकच्या मॅन्युअलमध्येच दिलेली शक्कल आहे: स्क्रिप्टने स्वतःच्याच फाइलला कुलूप लावायचं. वेगळी फाइल नाही, डिरेक्टरी नाही, परवानगी नाही.

तर मग ठेवायची कुठे?

सिस्टिमडीने सुरू होणारी सर्व्हिस असेल तर सर्व्हिस फाइलमध्ये खात्याचं नाव द्या आणि ‘रनटाइम डिरेक्टरी’ची एक ओळ लिहा. ‘/रन’मध्ये तुमच्या डेमनच्या नावाची डिरेक्टरी रूट स्वतः बनवतो, मालकी डेमनला देतो, सर्व्हिस थांबली की काढूनही टाकतो. रीबूटचं भय नाही, सिमलिंकचं भय नाही, कारण ‘/रन’मध्ये परक्याला लिहिताच येत नाही. तात्पुरतं खातं वापरणाऱ्या सर्व्हिसलाही हे चालतं. तिथे खातंच सर्व्हिसबरोबर जन्मतं आणि जातं, ६१,१८४ ते ६५,५१९ या नंबरांमधलं.

तुम्ही स्वतःच्या लॉगिनमधून चालवलेल्या डेमनसाठी ‘/रन/यूझर’खाली तुमच्या खात्याच्या नंबराची डिरेक्टरी असते, पहिला माणूस असाल तर बहुधा १०००. तुमच्याशिवाय आणि रूटशिवाय तिथे कोणाला शिरकाव नाही. पडद्यावर खिडक्या काढणाऱ्या नव्या वेलँडची लॉक फाइल तिथेच असते. दोन अटी मात्र ध्यानात ठेवा. नियमावली म्हणते, तिथल्या फायलींची साफसफाई होऊ शकते. फाइल टिकवायची तर दर सहा तासांत एकदा तिला हात लावा, नाहीतर तिच्यावर स्टिकी बिट लावा. (हो, तोच बिट, तिसऱ्या नोकरीत.) आणि तुमचं शेवटचं लॉगिन संपलं की ती अख्खी डिरेक्टरी पुसली जाते. मागे सोडलेला डेमन अनेक मशीनवर चालूच राहतो, पण त्याची लॉक फाइल गेलेली असते. सकाळी येऊन तुम्ही पुन्हा सुरू केलात की झाले दोन. त्यावर लॉगिनसीटीएलचं ‘लिंगर’ चालू करावं. मग तुम्ही गेलात तरी डिरेक्टरी राहते.

हे दोन्ही नसेल तर पोस्टग्रेसचा कित्ता गिरवा आणि कुलूप डेटाशेजारी ठेवा. ‘/टेम्प’ कोणत्याही परिस्थितीत नको.

आणि वाचकांना एक विनंती. उबुंटूवर इन्स्टॉल करताना ‘कुड नॉट गेट लॉक’ दिसलं की इंटरनेटवरचा पहिला सल्ला असतो ‘आरएम’ मारून लॉक फाइल उडवा. मारू नका. तिथलं खरं कुलूप कर्नलकडे आहे, फाइलमध्ये नाही. फाइल उडवून तुम्ही वरच्या ‘क’ची भूमिका करता, आणि अर्धवट लिहिलेला पॅकेज डेटाबेस निस्तरत बसता. ‘एलएसलॉक्स’ चालवा, कुलूप कोणाकडे आहे ते पाहा. बहुतेक वेळा पार्श्वभूमीत आपोआप चालणारा अपडेट असतो. थांबा, तो संपेल.